कमानीवरचं खेचर

राष्ट्राची ओळख युद्धाच्या सामुदायिक स्मृतीतून घडते, असं मी वाचलं आहे आणि एका भाषणात ठासून सांगितलंही आहे. आमच्या गावात, पाटणच्या अलीकडे, ही स्मृती घडवण्याचं काम गेल्या वर्षी सांगलीच्या एका पेंटरला दिलं होतं.

घरटी एक माणूस फौजेत, म्हणून वेशीत कमान बांधली. तिच्यावर एकाहत्तरच्या लढाईचं चित्र काढायचं ठरलं. त्या लढाईला गेलेल्यांपैकी आता एकच हयात आहेत, माझे चुलते. तात्या फौजेत खेचरं हाकायचे. बर्फातून वरच्या चौकीवर दारूगोळा पोचवायचा आणि मोकळं खाली यायचं. त्यांची अट एकच होती, चित्रात खेचर पाहिजे.

मीटिंगमध्ये सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. शेवटी सरपंच समजुतीच्या सुरात म्हणाले, "आवं तात्या, लोकं हसतील. रणगाडा काढू की."

"रणगाडा मी बघितलाच न्हाई," तात्या म्हणाले. "बर्फात वाट दिसंना, तवा खेचराच्या शेपटीला धरून खाली आलो. देश मी राखला असंल. मला त्यानं राखलं."

खेचर मंजूर झालं.

अडचण पेंटरची होती. त्याचा हात शिवजयंतीच्या फलकांवर बसलेला. त्याने पुढचे दोन्ही पाय उचललेला पांढराशुभ्र घोडा काढला, वर तात्यांना बसवलं आणि मागे जागा उरली म्हणून एक किल्ला टाकला. हातात बंदूक होती, एवढाच काय तो विसाव्या शतकाचा पुरावा. गाव बेहद्द खूश झालं.

तात्या बराच वेळ खाली उभे राहून बघत होते. खेचरावर फौजेत कुणी बसत नाही, हे त्यांनी पेंटरला सांगून पाहिलं. पण रंग वाळला होता. मग ते हळूच म्हणाले, "कान तरी त्याचं कर, गड्या."

पेंटरने कान वीतभर लांब केले.

उद्घाटनाला आलेले पाहुणे अश्वारूढ वीरांवर भरभरून बोलले. तात्या शेवटपर्यंत त्या कानांना सॅल्यूट ठोकून उभे होते.

आता पाटणची एसटी कमानीपाशी थांबते. कंडक्टर विचारतो, "गाढव कमान कोण हाय?" आणि आमच्या गावची माणसं पिशव्या घेऊन उठतात.