लसणाचे वडे आणि दुसरी फेरी

मी लंगर हवालदार. गाव सातारा जिल्ह्यातलं, सगळी नोकरी चुलीपुढे. लोकांना वाटतं, ज्यानं बंदूक चालवली नाही त्याच्या हातून कोण मरणार? म्हणून हे सांगतो.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. वादळानंतर कावेरीचं पाणी चढलं आणि आमची कंपनी कुंभकोणमला मदतीला गेली. एका शाळेच्या पडवीत लंगर मांडला. पहाटे चारला चूल, सहाला चहा, सातला बोटी सुटायच्या. साधा भात गावोगाव पोचेपर्यंत आंबायचा, म्हणून मी डाळवडे पाठवायचं ठरवलं. माझ्या वड्यांचं कंपनीत नाव होतं. डाळ जाडीभरडी वाटायची, लसूण सालासकट ठेचायचा आणि घालताना हात आखडायचा नाही. ऑफिसर मेसमधूनही मागणी यायची. माज होताच मला, कशाला लपवू?

बोटीवर सिपाही पांडुरंग राव असायचा. वय बावीस. घर तिथलंच, मेलकावेरीत; तंजावरच्या मराठी राजांच्या काळी तिकडे गेलेलं मराठी घराणं. बोलायचा मराठीच, पण आमच्या पणज्याच्या तोंडी शोभावी अशी, आणि आम्ही त्यावरून त्याची टर उडवायचो. घरी विठ्ठलाचं भजन, लसूण वर्ज्य. पलटणीत मात्र ताटात पडेल ते निमूट खायचा.

तिसऱ्या दिवशी पहाटे तो कढईपाशी येऊन उभा राहिला.

"साहेब, आज मरुदानल्लूर. भजनवाल्यांची घरं आहेत. लसूण खात नाहीत. चिंचेचा कोळ घालून भात करा, दोन दिवस टिकतो. अम्मा प्रवासाला तोच देते."

"भुकेल्याला कसलं सोवळं? तू बोट बघ, कढई मी बघतो."

"जी, साहेब," म्हणाला आणि गेला.

अकराला वायरलेसवर त्याचा आवाज आला.

"वडे परत आणतोय. ओव्हर."

"का? ओव्हर."

"लसूण, साहेब. म्हातारी माणसं दोन दिवस उपाशी आहेत, तरी हात लावत नाहीत. ओव्हर."

सुभेदार साहेब शेजारीच उभे होते. मी खाली मान घालून चिंच भिजत टाकली.

दोनला बोट पुन्हा सुटली. तोवर पाणी हातभर चढलं होतं. भात पोचला, लोक जेवले. परतताना बोट तुटलेल्या पुलाच्या खांबावर आदळली. दोघे पोहून आले. पांडुरंग दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. रिपोर्टमध्ये लिहिलं, मदतकार्यात बुडाला. ते खरंच होतं. सकाळचे वडे त्यात नव्हते आणि मीही कुणाला ते लिहायला सांगितलं नाही.

पंधरवड्यानं त्याची ट्रंक घरी पोचवायचं काम माझ्याकडे आलं. आई एकटीच होती. ट्रंक तिनं उघडली नाही. मला पानावर बसवलं, भात वाढला आणि परसातून मातीचं नवं भांडं घेऊन आली, पदर नाकाला लावून. लसणाचा वास माझ्यापर्यंत आला.

"तो लिहिला होता," ती म्हणाली, "आमच्या हवालदारास लसूण नसला तर जेवण जात नाही म्हणून."

परसात तीन विटांची चूल दिसत होती. जन्मात त्या घरात लसूण शिजला नव्हता. तिला येतही नव्हता करायला. पाकळ्या कच्च्याच राहिल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सकाळी जाऊन आला होता की," ती म्हणाली. "परत का गेला?"

"अन्न कमी पडलं, अम्मा."

त्या दुपारी पडवीत वड्यांच्या दोन टोपल्या भरलेल्या होत्या.

"आणखी वाढू?"

मी हो म्हणालो. सगळं संपवलं.

ती वारेपर्यंत मी तिला खरं कळवलं नाही. आता इथं लिहितो. सिपाही पांडुरंग राव दुसऱ्या फेरीत गेला. ती फेरी माझ्यामुळे झाली.