शेवटून कापलेली ओळ

आमच्या इमारतीत फोन एकच होता आणि तो माझ्याकडे होता.

यात माझी थोरवी काही नव्हती. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. इंग्रजीतून येणाऱ्या बातम्या मराठीत करायच्या आणि मिळालेल्या जागेत कोंबायच्या, हे काम. कुणी दांडी मारली तर मला घरून उचलता यावं म्हणून ऑफिसनं तो काळा फोन बसवून दिला होता. सत्तरचं दशक संपत आलं होतं. वाशीच्या नव्या वसाहतीत फोनसाठी अर्ज केलेली माणसं मुलांची शिक्षणं होईपर्यंत वाट पाहत, त्यामुळे माझा नंबर लवकरच सार्वजनिक झाला. लोक तो नोकरीच्या अर्जावर, व्हिजिटिंग कार्डावर, एकदा तर लग्नपत्रिकेवर छापत आणि पुढे ‘पी.पी.’ लिहीत. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, काम आमचं. फोन आला की मी गॅलरीतून हाक मारायची, आणि मग ज्याचा फोन असेल तो येईपर्यंत रिसीव्हर टेबलावर पालथा पडून राहायचा.

हा नंबर देणाऱ्यांत आमच्या सेक्टरला लागून असलेल्या गावातला एक तरुण होता. बावीस-तेवीस वर्षांचा, सव्वासहा फूट उंच. आमच्या दारातून आत येताना वाकायचा आणि आत आल्यावरही जरा वाकलेलाच राहायचा. त्याच्या वडिलांची भातशेती वसाहतीसाठी गेली होती. नगर वसवणाऱ्यांनी त्या शेतावर शाळा बांधली, शाळेसमोर सिमेंटचं बास्केटबॉलचं कोर्ट केलं, आणि त्या कोर्टावर हा खेळायला शिकला. बापानं जिथे लावणी केली तिथे पोरगा चेंडू आपटतो, असं गावात म्हणत. त्याला त्यात काही वाटत नसे. “काका, जमीन आपलीच हाय,” तो म्हणे, “फक्त घट्ट झाली.”

तो जिल्ह्यात खेळला, राज्याकडून खेळला, आणि एका वर्षी आशिया खंडाच्या पुरुषांच्या स्पर्धेसाठी भारताचा संघ निवडायचा होता तेव्हा त्याला दिल्लीच्या शिबिराला बोलावणं आलं. तिथून तो आला तो एक इंग्रजी पत्र घेऊन. मी वाचून दाखवलं. बारा जणांच्या संघात त्याचं नाव नव्हतं. तो पहिला राखीव होता. बारांपैकी कुणी जायबंदी झालं तर त्याला फोन केला जाईल, तरी संघ निघेपर्यंत त्याने दिलेल्या नंबरावर उपलब्ध राहावं. हे वाक्य वाचून झाल्यावर आम्ही दोघांनी माझ्या फोनकडे पाहिलं.

“बारा म्हणजे कितवा नंबर मिळतो शेवटच्याला?” मी उगाच विचारलं.

“पंधरा. बनियनवर चारपासून पंधरापर्यंत असतात, काका. एक-दोन-तीन नसतात. पंच बोटांनी पॉइंट दाखवतो ना, मग घोटाला होतो.”

पहिला नंबर कुणालाच न देणारी ही देशातली एकमेव व्यवस्था असावी, असं मी म्हणालो. तो मोठ्यानं हसला. “मना पंधरा पन चालल.”

पुढचे दहा-बारा दिवस तो कारखान्यातून सुटला की थेट आमच्याकडे येई. त्याची आई सकाळी मासळीची पाटी घेऊन इमारतीत येत असे, ती कोलंबी विकण्याआधी विचारी, “भाऊ, वाजला का दिल्लीचा फोन?” मी नाही म्हटलं की ती म्हणे, “वाजल. तुमचा फोन चांगला हाय.” जणू चांगल्या जातीची गाय.

हे एवढ्यावर राहिलं असतं. पण आमच्या इमारतीचे सेक्रेटरी सत्कारांचे शौकीन होते. पाण्याची टाकी बसली तेव्हा त्यांनी प्लंबरला श्रीफळ दिलं होतं. गावची पोरं आवारात चेंडू घेऊन आली की हेच गृहस्थ त्यांना हाकलत, पण पेपरात शिबिराची बातमी वाचल्यावर तो मुलगा ‘आपल्या सेक्टरचा सुपुत्र’ झाला. कापडी फलक रंगवून आला: आशियाई स्पर्धेसाठी भारतीय संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.

मी त्यांना जिन्यात गाठलं. “अहो, त्याची निवड नाही झाली. तो राखीव आहे.”

“राखीव तर राखीव. लग्नात करवला काय करतो? त्याला फेटा बांधतोच ना आपण?”

“फलकावर निवड लिहिलंय तुम्ही.”

“उपसंपादक, तुम्ही पेपरात चुका काढा. इथे टेन्शन देऊ नका. रविवारी संध्याकाळी सहा वाजता खाली या, तुम्हाला दोन शब्द बोलायचेत.”

मला दोन शब्द बोलायचे नव्हते. शाल, हार, नारळ, ‘दीपप्रज्वलन’ हा शब्द उच्चारताना अडखळणारा सूत्रसंचालक, या सगळ्याचं मला मनापासून वावडं होतं, आणि त्या वावड्याचा थोडा अभिमानही होता. रविवारी मी तापाचं निमित्त केलं. बायको, मुलं खाली गेली. मी पलंगावर पुस्तक घेऊन पडलो. खालून लाउडस्पीकर ऐकू येत होता. सेक्रेटरी भीमापासून सुरू करून उंचीच्या महतीवर आले होते.

तेव्हा फोन वाजला.

ऑफिसचा फोन तुटक वाजे. ट्रंक कॉलची, म्हणजे परगावाहून आलेल्या फोनची, घंटा लांब असे. वाजायला लागली की श्वास घ्यायला थांबत नाही असं वाटे. ही घंटा लांब होती. ती दिल्लीची आहे हे मला दुसऱ्या घंटेला कळलं होतं. पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की कळलं नव्हतं, म्हणून इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

मी उठलो नाही, कारण उठलो तर काय होणार ते मला दिसलं. मी तीन जिने उतरून त्या गर्दीत धावत जाणार. ताप नसलेला मी. सेक्रेटरी माझ्या हातात माइक देणार. ‘ही शुभवार्ता घेऊन आलेले आपले उपसंपादक’ म्हणून माझ्याही गळ्यात हार पडणार, टाळ्या होणार. त्या टाळ्या मला अगदी स्पष्ट ऐकू आल्या. मी ठरवलं, पुन्हा वाजला तर घेऊ. गॅलरीतून हाक मारू, खाली जायला नको.

पाच-सात मिनिटांनी तो पुन्हा वाजला. मी पानात खूण घातली, पायांत चपला सरकवल्या. खोली काही मोठी नव्हती. मी हात पुढे केला आणि घंटा थांबली. रिसीव्हर उचलला तर नुसता खरखराट. खाली मुलाला शाल पांघरत होते.

मी त्या रात्री कुणाला काही बोललो नाही. संघ निवडणाऱ्या एवढ्या मोठ्या संस्थेला गरज असेल तर ते तार करतील, असा माझा कयास होता. संस्थांवर माझा विश्वास नसे, पण त्या रात्रीपुरता मी ठेवला.

सोमवारी संध्याकाळी ऑफिसात टेलिप्रिंटरवर स्पर्धेत उतरणाऱ्या संघांच्या याद्या येत होत्या. फिलिपिन्स, जपान, कोरिया, आणि मग आपला. चार ते पंधरा, बारा नावं, प्रत्येकापुढे उंची. बारावं नाव नवीन होतं. खाली एक परिच्छेद: सरावात घोटा मुरगळलेल्या खेळाडूच्या जागी दिल्लीतल्याच एकाला घेण्यात आलं आहे, कारण पहिल्या राखीव खेळाडूशी रविवारी संध्याकाळी दूरध्वनीवर संपर्क होऊ शकला नाही. संघ सकाळीच रवाना झाला होता.

मी सगळं मराठीत केलं. तो परिच्छेदही केला. मग जुळणी विभागाचा फोरमन आला. “तीन ओळी जास्त होतायत, साहेब. कुठून काढू?”

आमच्या धंद्यात हा प्रश्न विचारायचीही गरज नसते. बातमी अशी लिहायची की जागा कमी पडली तर शेवटून कापता यावी. म्हणून महत्त्वाचं वर आणि बिनमहत्त्वाचं तळाला. फोरमन हे माझ्यापेक्षा जास्त जाणत होता. तो फक्त माझ्या ‘हो’साठी थांबला होता.

“शेवटून,” मी म्हणालो.

टेलिप्रिंटरच्या कागदाची ती पट्टी मी फाडून खिशात ठेवली. मंगळवारी सकाळी वाशीच्या स्टॉलवर उभं राहून दुसरे चार पेपर पाहिले. बास्केटबॉलला कुणी चार ओळींहून जास्त जागा दिली नव्हती. माझ्यासारखेच उपसंपादक सगळीकडे होते.

संध्याकाळी तो आला. हातात आमचाच पेपर. दारातून आत आला नाही. “काका, यादी आलीय. दुसराच पोरगा घेतला.” मग चौकटीला हात टेकून, “फोन नवता ना आला?”

“नाही,” मी म्हणालो.

“मंग बरोबर हाय. मी नको असन त्यांना.”

संघ तिकडे बरेचसे सामने हरला. तो गेला असता तरी संघ हरलाच असता, या वाक्यावर मी काही वर्षं टेकून बसलो. मग ते वाक्य वजन घेईनासं झालं.

त्याने खेळ एकदम सोडला नाही. सरावाला एक दिवस गेला नाही, मग दोन दिवस. पुढच्या शिबिराचं पत्र आलं तेव्हा कारखान्यात ओव्हरटाइम होता म्हणाला. त्याची आई पाटी घेऊन येत राहिली, फक्त फोनचं विचारायची थांबली. ती आली की मी आतल्या खोलीत जाई. बायकोला वाटे मला मासळीचा वास सोसेनासा झालाय.

मला मात्र ती घंटा ऐकू येऊ लागली. रविवारी संध्याकाळी, आणि नेहमी सगळे बाहेर गेलेले असताना. मी उचलायचो, पलीकडे डायल टोन. बायकोनं एकदा विचारलं, “कुणाचा होता?” मी म्हणालो, “रॉंग नंबर.” ती म्हणाली, “पण वाजला कुठे?” ऑफिसात दर दोन-एक वर्षांनी ती स्पर्धा पुन्हा येई, पुन्हा याद्या येत. चीनचा संघ, मलेशियाचा संघ, ज्यांच्याशी माझा काही संबंध नाही अशी बारा-बारा माणसं. मी प्रत्येक यादी तळापर्यंत वाचून खाली काही लिहिलंय का ते पाही. प्रत्येक देशात एक तेरावा असणार, कुठल्यातरी फोनजवळ बसलेला. सहकाऱ्यांना वाटलं मला बास्केटबॉलची गोडी लागली. त्यांनी ते पान माझ्याकडेच दिलं.

सहा वर्षं गेली. एका शाळेत खेळाच्या प्रशिक्षकाची जागा निघाली. तो अर्ज घेऊन माझ्याकडे आला, आता लग्न झालेला, कानशिलावर थोडे पांढरे केस. “काका, तुमी लिवा. तुमचं अक्षर चांगलं हाय.” मी नाव, पत्ता, शिक्षण लिहिलं. ‘राष्ट्रीय पातळीवरील कामगिरी’ असा रकाना आला.

“लिवा, राखीव,” तो म्हणाला. “आनि पुढं लिवा, बोलावलं नाय. खोटं नको.”

मी ‘राखीव’ लिहिलं आणि पेन थांबलं. त्या दिवशी फोन न उचलणं, ओळ कापणं, ‘नाही’ म्हणणं, या सगळ्यांत माझ्या हातून खोटं काही लिहिलं गेलं नव्हतं. आता तो मला ते माझ्या अक्षरात लिहायला सांगत होता. शाई फिकी आहे, उद्या पुरा करून आणतो, असं सांगून मी त्याला घालवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गावात त्याच्या घरी गेलो. अंगणात त्याची आई जवळा वाळत घालत होती. तो ओट्यावर होता. मी टेलिप्रिंटरची ती पट्टी त्याच्या हातात दिली.

इंग्रजी त्याला कामापुरतं येत असे. त्याने बोट ठेवत ठेवत वाचलं, पुन्हा वाचलं. मग तो उभा राहिला आणि त्याचं डोकं पडवीच्या वाशाला लागलं.

“आये! मना बोलावला व्हता गो! दिल्लीशी फोन केलता! मी बारावा व्हतो!”

आई हात पुसत आली. तिला वाचता येत नव्हतं, पण तिने तो कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि कपाळाला लावला. “मी सांगत व्हते,” ती म्हणाली, “माझा पोर काय टाकायचा हाय?” दोघंही हसत होते. सहा वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. घटकाभर मला वाटलं, मी चांगली बातमी घेऊन आलोय.

मग ती माझ्याकडे वळली. “पन भाऊ, त्यांनी फोन केलता तो कुटं केलता?”

मी तोंड उघडलं. तो मधे बोलला. माझ्याकडे न बघता, कागदाची घडी घालत.

“आये, तवा लाइनीचा काय भरवसा. पावसाचे दिस. लाइन बंद परायची.”

पाऊस नव्हता. थंडी सुरू झाली होती, आणि सत्काराच्या मंडपावर वर कापडसुद्धा घातलं नव्हतं. शाल त्याच्याच खांद्यावर होती. हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

“व्हय, व्हय,” आई म्हणाली. “तवा लय तरास व्हता लाइनीचा. नाय का, भाऊ?”

“हो,” मी म्हणालो.

त्याने अर्ज माझ्यापुढे ठेवला. “लिवा आता,” तो म्हणाला आणि सावकाश सांगत गेला, मी लिहीत गेलो. ‘राखीव’च्या पुढे: संघात बोलावण्यात आलं होतं, दूरध्वनीवर संपर्क होऊ शकला नाही. त्याने अर्ज घेतला, शाई वाळेपर्यंत हवेत धरला.

“बसा भाऊ,” आई म्हणाली, “च्या ठेवते.”

“काकांना जायचंय, आये,” तो म्हणाला.

मला कुठेही जायचं नव्हतं. मी उठलो आणि चपला घातल्या.