आईने निवडलेली लाँच

वडील गेल्यानंतर आईने पहिल्यांदा आपणहून काही मागितलं, ते म्हणजे हुसेनसागरात बोटीतून एक फेरी. मी चाटच पडले. अख्खा जन्म हैदराबादेत गेला, आमच्या नारायणगुड्याच्या घराहून तलाव जवळच, आणि बाईसाहेब कधी बोटीत बसल्या नव्हत्या.

मी हौसेने जेवणाची नि गाण्यांची मोठी बोट निवडली. "गाणी असतात? मग नको," आई म्हणाली. "वर्ष नाही झालं अजून." मी जाम वैतागले. स्पीडबोटीचं तर नावही काढायची सोय नव्हती. शेवटी तलावाच्या मधल्या बुद्धाच्या पुतळ्यापर्यंत नेऊन आणणारी साधी लाँच तिनेच ठरवली.

मला घोर वेगळाच होता. घरचा गणपती पुढे चालू ठेवायचा की बंद करायचा, ते आईने सांगायचं होतं. पुण्याचा भाऊ म्हणत होता, बंद करू, तिला झेपणार नाही. मला ते ऐकवत नव्हतं; पण कुकटपल्लीचं सासर सांभाळून मी तरी किती धावणार? आई मात्र हूं की चूं करत नव्हती.

लाँच सुटली. आई अगदी कडेला जाऊन बसली, तसा बोटवाला ओरडला, "अम्मा, उधर नक्को बैठो, पानी उडता!" ती हलली नाही. बुद्धाकडे सगळे फोन रोखून उभे होते; ही काठाकडे बघत होती.

"गणपती कुठे सोडतात गं?"

मी काठावरची जागा बोटाने दाखवली. आमच्याकडे विसर्जनाला फक्त पुरुष जात. आई दारात अक्षता टाकायची आणि आत वळायची. एवढ्या वर्षांत तिने ती जागा पाहिलीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

"तुझ्या वडिलांनाही दारातूनच निरोप दिला," ती म्हणाली. "बायका स्मशानात येत नाहीत, म्हणाले सगळे. मी गप्प बसले."

मला रडू आवरेना. मी तिचा हात घट्ट धरून ठेवला. पाण्याला वास येत होता, लाँच परत वळत होती.

"भावाला सांग, गणपती बसणार," ती म्हणाली. "शाडूचा, लहानसा. आणि विसर्जन घरीच, बादलीत."

"अगं, बादलीत विरघळायला फार वेळ लागतो."

"लागू दे. पुरता विरघळेपर्यंत मी शेजारी बसणार आहे."