खालच्या आळीचं दूध

आमच्या यादीप्रमाणे खालची आळी आदल्या संध्याकाळीच रिकामी झाली होती. प्रत्येक घरापुढे टिक होती आणि तळाशी माझी सही. दुपारी कृष्णेचं पाणी पारापर्यंत चढलं. गावातली एकुलती एक बोट शेजारच्या गावाला पाठवायला हरकत नाही, असं मीच तालुक्याच्या साहेबांना फोनवर सांगून मोकळी झाले.

मी साताऱ्याला कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. पाहुणे मला समाजसेविका समजतात; दुरुस्त करणं मी सोडून दिलंय. हवामान बदलावर काम करते म्हटलं की विचारतात, यंदा पाऊस कसा? ते हवामानखात्याला विचारा. पूर सगळ्या गल्लीला सारखाच येतो. त्यातून कोण सहज उठून जातं, कोण अडकतं आणि का, हे बघणं आमचं काम. त्याला आम्ही व्हल्नरेबिलिटी म्हणतो. सांगली जिल्ह्यातल्या या नदीकाठच्या गावाचा स्थलांतराचा प्लॅन माझ्याकडे होता. फॉर्म माझाच: कुटुंबप्रमुख कोण, माणसं किती, म्हातारी किती, आजारी कोण. त्या फॉर्मचा मला जरा गर्वच होता.

बोट निघायच्या बेतात होती तेवढ्यात शालनताई आल्या. त्या गावच्या डेअरीत घरोघरचं दूध मापून घेतात. डेअरी वरच्या रस्त्याला, आमचा कॅम्प समोरच्या शाळेत. त्यांनी यादी मागून घेतली, एकेक नाव वाचलं आणि तीन नावांवर थांबल्या.

“ही घरं काल सांजंला रिकामी झाली म्हणता. मग आज सकाळी ह्यांच्या म्हशींची धार कुणी काढली?”

मला काही उमगेना. मग त्यांनी सावकाश सांगितलं. सकाळी वाट चालू होती तोवर या तिन्ही घरांचं दूध डेअरीला आलं होतं. पुरात गावची जनावरं डेअरीमागच्या शेडात बांधतात; त्यांच्या म्हशी मात्र तिथं आलेल्या नव्हत्या. म्हणजे म्हशी खालीच. आणि म्हशी खाली असल्या तर माणूसही खाली. बायकापोरांसोबत वर यायचं, सही करायची आणि मागच्या वाटेनं गोठ्यात परतायचं, असं दर पुराला चालतं म्हणे. आम्ही सही बघून टिक केली होती. कॅम्पातल्या त्या घरांच्या बायकांनीही विचारल्यावर तेच सांगितलं.

मी लगेच साहेबांना फोन लावला. ते वैतागले.

“मॅडम, यादीवर सही तुमचीच आहे ना?”

“माझीच आहे. यादी चुकली आहे. बोट इथंच राहू द्या.”

बोट खालच्या आळीत गेली. दोघं कुरकुरत का होईना, तयार झाले. तिसरे बाबूनाना, फौजेतून रिटायर झालेले. कमरेएवढ्या पाण्यात गाभण म्हशीला धरून उभे होते आणि हलायला तयार नव्हते. बोटवाल्यानं त्यांच्या कानाला फोन लावला. मी जिवाची किंमत वगैरे समजावू लागले. शालनताईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

“नाना, शेडात तुमच्या म्हशीला जागा धरलीया. वैरण टाकलीया. दावं बोटीला बांधा, मागनं पवत यील ती.”

“शेड कोरडं हाय का?” नानांनी एवढंच विचारलं.

शेड कोरडं होतं. दिवस मावळायच्या आत तिघं वर आले, मागून म्हशी पोहत. दुसऱ्या दिवशी त्या गोठ्यांचे फक्त पत्रे दिसत होते. शालनताई तेव्हा दूध मापत होत्या. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांनी चहा दिला आणि कामाला लागल्या.

रिपोर्टमध्ये ‘जनजागृतीचा अभाव’ लिहा, असं आमचे विभागप्रमुख म्हणाले. मी नाही लिहिलं. लोक चांगले जागे होते, झोप आमच्या फॉर्मला लागली होती. नवा फॉर्म मी शालनताईंकडून तपासून घेतला. त्यात आता पहिला रकाना जनावरांचा आहे: किती, वर कुठं बांधणार, सोबत कोण राहणार. पुढच्या पावसाळ्यात आम्ही आधी म्हशी हलवल्या. माणसांना सांगावंच लागलं नाही.

इतकी वर्षं मी वर्गात कुटुंबाची व्याख्या शिकवत आले. त्या व्याख्येत म्हैस नव्हती. त्यापायी तीन माणसं गेली असती.