रविवारचे उंदीर

त्या कार्टूनमधल्या प्रत्येक उंदराला नाव होतं, शेठला मात्र नव्हतं. शेठ म्हणजे नुसता शेठ. पोट पुढे, मिशा खाली, हातात दंडुका. त्याच्या गोदामात उंदरांचं एक कुटुंब राहायचं आणि दर रविवारी सकाळी अर्धा तास तो त्यांच्यामागे धावायचा. गोष्ट एवढीच, आणि दर आठवड्याला तीच. तरी आम्ही अशा थाटात जमायचो की आज काहीतरी भलतंच घडणार आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा पाचवीत होते. आमचं जुन्नरच्या पेठेत भुसार मालाचं दुकान. म्हणजे खरा शेठ, खरं गोदाम आणि खरे उंदीर, सगळा संच आमच्याच घरात होता. आजोबा राजस्थानातून आलेले, पण आम्ही घरात मराठीच बोलायचो. मारवाडी निघायची ती पाहुणे आले की, नाहीतर भांडण झालं की.

रविवार हा बाजाराचा दिवस. पश्चिमेकडच्या डोंगरातली माणसं तांदूळ, नाचणी, हिरडा घेऊन सकाळच्या एसटीनं उतरायची, आणि माप होईपर्यंत त्यांची पोरं दुकानामागच्या आमच्या खोलीत येऊन बसायची. पेठेतलीही यायची. टीव्ही काळा-पांढरा. चित्रात मुंग्या आल्या की पप्पा स्वतः गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचे आणि वरून ओरडायचे, “आलं का?” खालून सगळे मिळून “न्हाई!” म्हणायचो. आलं असलं तरी न्हाईच म्हणायचो, कारण पप्पांना अजून थोडं फिरवायला लावण्यात मजा होती.

पप्पांना ते कार्टून आमच्यापेक्षा जास्त आवडायचं. गिऱ्हाईक उभं असलं तरी पाच मिनिटं आत येऊन जायचे. हिंदीत बोलणाऱ्या त्या शेठचा एक ठरलेला डायलॉग होता, “निकलो बाहर, चोट्टो!” पप्पा तो हुबेहूब काढायचे. पोट पुढे काढून, दारात वजनकाट्याची दांडी धरून, नाकातून. पोरं हसून लोळायची. डोंगरातली एक चिमुरडी तर पहिल्यांदा घाबरून रडलीच. तिला पप्पांनी गूळ-शेंगदाणे देऊन गप्प केलं, आणि पुढच्या रविवारी तीच दारातून ओरडली, “शेठ, आवाज काढा ना!”

मला ते मुळीच आवडायचं नाही. शाळेत पोरं माझ्यामागून “चोट्टो, चोट्टो” करत यायची. मी घरी येऊन आदळआपट केली की पप्पा म्हणायचे, “अगं, हसतायत ना? मग झालं तर.” माझ्या बापाला माणसं हसलेली लई आवडायची. कशावर हसतायत याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

यात खरा विनोद वेगळाच होता. आमच्या घरात उंदीर मारत नसत. मुंगीसुद्धा फुंकर घालून बाजूला करायचे, तिथे उंदराची काय कथा. गोदामात तारेचे पिंजरे लावलेले असायचे, आत भाकरीचा तुकडा. उंदीर सापडला की पप्पा संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत जेवायचं असायचं त्याच्याही आधी, पिंजरा कापडी पिशवीत घालून चालत निघायचे. शिवनेरीच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एक ओढा लागतो, त्याच्या पलीकडे दार उघडायचे. मी कितीदा तरी बरोबर गेले आहे. उंदीर लगेच बाहेर पडायचा नाही. पप्पा उकिडवे बसून वाट बघायचे. घाई करायची नाही, हलवायचं नाही. तो आपणहून गेला की पिंजरा मिटायचा आणि घरी.

सगळी पेठ चेष्टा करायची. “काय शेठ, पावणं सोडायला निघाला का?” पप्पा म्हणायचे, “व्हय, एसटी चुकायची त्यांची.” कुणी म्हणायचं, “शेठ, तुमच्या आधी घरी पोचत्यात ते.” त्यावर पप्पांचं ठरलेलं उत्तर, “पोचू द्या. वळखीचे बरे.”

म्हणजे टीव्हीतला शेठ उंदीर मारायला धावायचा म्हणून वाईट, आणि आमचा शेठ मारत नव्हता म्हणून येडा. दोन्हीकडे हसणारे तेच. हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं, पण कळून काय करायचं ते समजत नाही.

त्या वर्षी सुरतेत प्लेग आला. बातम्यांत तोंडाला फडकी बांधलेली माणसं दिसायला लागली. सुरत आमच्यापासून कुठल्या कुठे, पण भीतीला अंतर समजत नाही. मेडिकलमधल्या गोळ्या संपल्या. शाळेत बाईंनी रुमाल बांधून यायला सांगितलं. आणि एका सकाळी आमच्या दुकानासमोरच्या गटारात एक मेलेला उंदीर निघाला.

दुपारपर्यंत आळीतली माणसं आमच्या पायरीशी. भांडायला कुणी आलं नव्हतं. उलट सगळे फार गोड बोलत होते, आणि त्याचीच मला भीती वाटली. “शेठ, तुमचा धर्म आमाला ठाव हाय,” समोरचे कापडवाले काका म्हणाले. हे आमच्याकडे रोज चहाला येणारे. “पन आमच्या बी घरात पोरं हायती. सगळ्यांनी औषध टाकलंय. तुमचंच गोदाम राह्यलंय.” आमच्याकडे उंदराच्या विषाला औषधच म्हणतात. पप्पा म्हणाले, मी पिंजरे वाढवतो, दुप्पट लावतो. काका म्हणाले, “आन् सोडनार कुठं? दुसऱ्याच्या दारात?”

आम्हा जैनांचं पर्युषण नुकतंच झालं होतं. शेवटच्या दिवशी पप्पांनी हात जोडून सगळ्या जीवांची माफी मागितली होती. महिनाही झाला नव्हता.

त्याच दिवशी माझ्या धाकट्या भावाला ताप भरला. तो तेव्हा दीड-दोन वर्षांचा. डॉक्टर म्हणाले साधा ताप आहे, पण त्या दिवसांत साधा कुणाला वाटणार? मम्मी धर्माच्या बाबतीत पप्पांहून कडक. कांदा-बटाटा घरात येऊ द्यायची नाही. ती भावाला मांडीवर घेऊन बसली होती आणि पप्पांकडे न बघता म्हणाली, “औषध टाका.”

“अगं, काय बोलतेस?”

“टाका म्हणते ना. पाप मला लागू दे.”

पप्पा उठून मेडिकलकडे गेले.

शनिवारची दुपार होती. दुकानातला हमाल म्हणाला, “द्या शेठ, मी करतो, तुमी नका हात लावू.” पप्पांनी त्याला घरी पाठवलं. म्हणाले, आपलं काम दुसऱ्याच्या हातानं कशाला. मग मागच्या पडवीत परात घेऊन बसले. बाजरीचं पीठ घेतलं. चाळलेलं, चांगलं, आम्ही खातो तेच. त्यात गूळ घातला. मग आत येऊन तुपाचा डबा घेऊन गेले. मी दारात उभी होते. म्हटलं, “पप्पा, तूप कशाला?” ते म्हणाले, “असू दे.” पुडी फोडून त्यांनी ते मळलं आणि छोट्या छोट्या गोळ्या वळल्या. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. पाहुण्यांना लाडू वळावेत तशा एकसारख्या गोळ्या. गोदामात कोपऱ्याकोपऱ्यात ठेवून आले, अंघोळ केली आणि जेवले नाहीत.

रविवारी सकाळी उंदीर बाहेर आले. त्या औषधानं तहान लागते म्हणे. भर उजेडात, बाजाराच्या गर्दीत, ते गटाराकडे निघाले. पळत नव्हते. झोकांड्या खात चालले होते. कार्टूनसाठी आलेली पोरं पायरीशी जमलीच होती. कुणीतरी काठी आणली. मग सगळ्यांनीच आणल्या. आणि उंदरांवर काठ्या घालताना पोरं ओरडत होती, नाकातून, पोट पुढे काढून, अगदी पप्पांनी शिकवल्यासारखी: “निकलो बाहर, चोट्टो!”

पप्पा दारात उभे होते. त्यांच्या तोंडाकडे मी बघितलं, पण तिथे काही नव्हतं. राग नाही, रडू नाही. दुकान बंद असलं की शटर दिसतं तसं.

आतून कार्टूनचं संगीत वाजलं. पोरांनी काठ्या टाकल्या आणि धावत आत येऊन बसली. मीही बसले. त्या दिवशी टीव्हीतल्या शेठनं उंदरांना पिंपात कोंडलं होतं, आणि ते पिंप कुरतडून बाहेर आले तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डोंगरातली ती चिमुरडी तर उभी राहून नाचली. मीही टाळ्या वाजवल्या. उंदीर सुटले याचा मला खरोखर आनंद झाला होता. बाहेर पप्पा सुपडीनं मेलेले गोळा करत होते, तो पत्र्याचा आवाज टीव्हीच्या आवाजातूनही येत होता.

भावाचा ताप उतरला. प्लेग काही जुन्नरला आला नाही. पप्पांनी किती उपास केले ते त्यांनी सांगितलं नाही आणि मम्मीनं विचारलं नाही. पोरं पुढेही रविवारी येत राहिली, पप्पा टीव्ही लावून द्यायचे आणि दुकानात जाऊन बसायचे. “आवाज काढा ना” म्हटलं की म्हणायचे, “घसा बसलाय.” महिना-दोन महिने घसाच बसलेला. मग पोरांनी विचारणं सोडलं.

आणि औषध? ते सोपं झालं. एकदा टाकल्यावर पुन्हा टाकायला काय लागतं? पिंजरे माळ्यावर गेले. दर दोन-तीन महिन्यांनी गोदामात गोळ्या पडायला लागल्या, पुढे पुढे मीच वळायचे. तूप नाही, गूळ नाही, नुसतं पीठ. मला त्याचं काही वाटत नसे. आजही वाटत नाही. वाटायला हवं होतं एवढं माहीत आहे.

माझं लग्न झालं, आणि त्यानंतरच्या एका दिवाळीत मी माहेरी होते. भाऊ तेव्हा अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नुकताच जायला लागला होता. हॉस्टेलवरच्या कुणाकडून त्यानं जुनी कार्टूनं पेन ड्राइव्हमध्ये भरून आणली होती. “ताई, तुझं ते उंदरांचं मिळालं बघ,” म्हणून त्यानं लॅपटॉप सगळ्यांच्या मध्ये ठेवला. पप्पाही खुर्ची ओढून बसले.

पहिल्यांदाच ते रंगीत बघितलं. चित्रं सुंदर होती, हे कबूल करते. धान्याच्या राशीवर पडलेलं ऊन, उंदरांच्या मिशा, लहान उंदराचं घसरणं, हे सगळं कुणीतरी हात थकेपर्यंत चितारलं होतं. पण बाकी? शेठ धावताना मागून तोच खांब पुन्हा पुन्हा जात होता. उंदरीण एकच, डोक्याला रिबीन, आणि तिचं काम सापडणं. चोरी उंदरांनी करायची, हुशारी उंदरांची, आणि मार खायचा शेठनं. लहानपणी कार्टूनमधल्या घराबाहेर फिरणारा तो मोठा पंखा बघून आम्ही म्हणायचो, शेठ लई श्रीमंत, अंगणातसुद्धा पंखा. तो पंखा नव्हताच. ती पवनचक्की होती, पीठ दळायची. शेठच्या टोपीवर, मिशांवर पीठ होतं. काळ्या-पांढऱ्यात आम्हाला ते म्हातारपण वाटलेलं. तो बिचारा कुठल्यातरी परदेशातला गिरणीवाला होता. ती शेठगिरी, ते नाकातलं बोलणं, सगळं आपल्या हिंदीवाल्यांनी त्याच्या तोंडात कोंबलेलं. मला राग आला. कधी नव्हे ते काहीतरी वाटलं, म्हणून बरंही वाटलं.

“घ्या!” मी म्हटलं. “हा शेठ नाहीच. उगाच तुम्हाला इतकी वर्षं चिडवलं.”

भाऊ हसला. “पप्पा, तुम्ही याचा आवाज काढायचात ना? मम्मी सांगते.” त्याला त्यातलं काहीच आठवण्यासारखं नव्हतं. तो तेव्हा मांडीवर होता.

पप्पा स्क्रीनकडे बघत होते. गिरणीवाल्यानं पुन्हा दंडुका हाणला, उंदीर पुन्हा निसटला. भावानं दुसरा भाग लावला, त्यातही निसटला. तिसऱ्यातही.

“किती धावतोय हा,” पप्पा म्हणाले. “याला येक न्हाई मारता आला. मला येका दुपारीत जमलं.”