एका राष्ट्रीय संघटनेचा एकपानी इतिहास

सार्सची साथ ओसरून लोक पुन्हा एकमेकांना खेटून बसायला लागले, त्या वर्षी मी सिंगापूरमधल्या एका राष्ट्रीय संघटनेचा चिटणीस झालो. देशातल्या हौशी सिंफनी ऑर्केस्ट्रांना आधार देणे, हे तिचं ध्येय. ऐकायला फार भारदस्त. प्रत्यक्षात संघटनेकडे दोन टिंपनी होत्या, म्हणजे तांब्याचे प्रचंड नगारे. एकेकात दोन मुलांना एकदम आंघोळ घालता आली असती. चार ऑर्केस्ट्रा ते आळीपाळीने वापरत. आज आंग मो किओ भागात, पुढच्या रविवारी पुंगोलला. आधार देणे म्हणजे हे नगारे हलवणे.

मला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. मुलगी व्हायोलिन वाजवायची म्हणून संघटनेने बोलावलेल्या पालकांच्या बैठकीला गेलो आणि सवयीने विचारलं, "मागच्या सभेचं इतिवृत्त कुठंय?" इतकी वर्षं ते कुणी लिहिलंच नव्हतं. कॉफी संपायच्या आत मी चिटणीस झालो होतो.

संघटनेचे खांब दोन. एक निवृत्त संगीतशिक्षिका, त्यांना सगळे टीचर म्हणत. सेरंगूनच्या तालमीच्या हॉलची किल्ली त्यांच्याकडे. दुसरे एके काळचे ट्रंपेटवादक, त्यांना सगळे अंकल म्हणत, व्हॅन त्यांची. सहा वर्षांपूर्वी भर पावसात व्हॅनमध्ये चढवताना एक नगारा हॉलसमोरच्या उतारावरून घरंगळत गेला आणि फाटला. तेव्हापासून दोघांची बोलचाल बंद. समोरासमोर बसून सगळा कारभार माझ्यामार्फत.

"सेक्रेटरी, त्यांना सांगा, हॉल नऊला उघडेल."

मी मान वळवून सांगायचो, "हॉल नऊला उघडेल."

"ऐकलं मी. त्यांना सांगा, मी बहिरा नाही."

मग चारही ऑर्केस्ट्रांनी मिळून एक कार्यक्रम ठरवला. कार्यक्रमपत्रिकेत एक पान 'आमचा इतिहास', आणि लिहिणार अर्थातच चिटणीस. दोन दिवसांत टीचरनी मला बाजूला घेऊन सांगितलं की संघटना त्यांनी स्थापन केली. संस्थापक म्हणून दुसऱ्याचं नाव आलं, तर किल्ली पर्समध्येच राहील. त्याच संध्याकाळी अंकलनी सांगितलं की संघटना त्यांनी स्थापन केली. दुसऱ्याचं नाव आलं, तर व्हॅन बिघडेल. कार्यक्रमाला दोन आठवडे. किल्लीशिवाय नगारे बाहेर येणार नव्हते, व्हॅनशिवाय पोचणार नव्हते, आणि नगाऱ्यांशिवाय चार ऑर्केस्ट्रांनी वर्षभर घोटलेली सिंफनी उभी राहणार नव्हती.

"बाबा, प्लीज, गडबड करू नका लाह," मुलगी इथल्या बोलीचं शेपूट लावून म्हणाली.

"अहो, पुण्याचं मंडळ तुमच्या अहवालानेच फुटलं ना?" बायको म्हणाली. "हे तरी धड राहू द्या."

फुटलं होतं, खरंय. पण त्यातूनच मी शिकलो होतो. मराठी मंडळाच्या स्मरणिकेत संस्थापक कधी एकटा नसतो. एक संकल्पक असतो, एक प्रवर्तक, एक आधारस्तंभ. ज्याला त्याला आपलंच पद मोठं वाटतं. मी टीचरना 'आद्य प्रेरणा' केलं आणि अंकलना 'कृतिशील शिल्पकार'. इंग्रजीत ते आणखीच गोड झालं. नगाऱ्याचा अपघात अर्थातच गाळला. मंगल प्रसंगी असलं काही लिहीत नाहीत.

बैठकीत मी तो इतिहास वाचला. वाचला कसला, सादर केला! योग्य जागी आवाज खाली आणला, योग्य जागी थांबलो. आणि शेवटी शिरस्त्याप्रमाणे म्हणालो, "कुणाची काही दुरुस्ती? नसल्यास मंजूर समजावं."

आता, पुण्यात हा प्रश्न नसतो. पुण्यात तोवर लोक चपला शोधत असतात आणि बटाटेवड्यांचा वास आलेला असतो. मी तर फाइलसुद्धा मिटली होती. पण इथे लोकांना विचारलं की ते उत्तर देतात. टीचरनी हात वर केला. पाठोपाठ अंकलनी.

"सेक्रेटरी, नगारा कुठंय?" टीचरनी विचारलं.

"हॉलमध्ये."

"इतिहासात कुठंय?"

"हो ना," अंकल म्हणाले, "उतारावरून गेलेला. तो काय, गेलाच नाही?"

"मी म्हटलं, शोभणार नाही..."

"शोभणार नाही?" टीचर थेट अंकलकडे वळल्या. माझी मान मधल्या मध्ये मोकळी झाली. "सहा वर्षं मी तुमच्याशी बोलले नाही, आणि हा सेक्रेटरी म्हणतो काही घडलंच नाही!"

"मीही बोललो नाही," अंकलनी आपला हक्क सांगितला. "ते काय उगाच?"

"तुम्ही हात सोडलात."

"तुम्ही ओरडलात! ओझं धरलेल्या माणसाच्या मागे कुणी ओरडतं का लाह?"

"मागून गाडी येत होती!"

अंकलनी विचारलं, "कुठली गाडी?"

"पांढरी. रिव्हर्स घेत होती. तुमची पाठ होती तिकडे."

"मग सांगायचं नाही?"

"सांगू कुणाला? व्हॅन घेऊन निघून गेलात. फोन उचलला नाहीत."

अंकलनी माझ्या फाइलमधला कागद काढून घेतला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर उतार काढला. टीचरनी त्यावर गाडीची जागा दाखवली. अंकलनी तिथे काढलेली गाडी टीचरच्या मते चुकली होती. टीचरनी ती खोडून पुन्हा काढली.

कार्यक्रमाच्या दिवशी नगारे वेळेत पोचले. व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर दोघं, तावातावाने वाद घालत. पत्रिकेत इतिहासाचं पान त्यांनीच लिहिलेलं छापलं होतं: पाऊस, उतार आणि पांढरी गाडी, शेवटच्या ओळीपर्यंत. संघटना कुणी स्थापन केली, हे लिहायचं राहून गेलं होतं. छापायला देण्याआधीच ते माझ्या लक्षात आलं होतं. मी दुरुस्ती सुचवली नाही.