अकराचं ऊन

"मूठ मिट. गाव कुठलं तुझं?" समोरचा "राजापूर" म्हणेपर्यंत बाईंची सुई शिरेत गेलेली असे. रत्नागिरीतल्या आमच्या रक्ततपासणीच्या लॅबमधल्या त्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञ. तुमच्यापैकी कुणी तिथे रक्त दिलं असेल, तर हा प्रश्न तुम्हालाही आला असेल.

मी तेविसाव्या वर्षी तिथे लागलो. लॅबला खिडकी नाही, एसी मात्र जोरदार. एकदा कॉलेजच्या एका प्राध्यापिकेला अभ्यासासाठी धडधाकट तरुणांचं रक्त हवं होतं. बाईंनी आम्हा चार नव्या कर्मचाऱ्यांनाही बसवलं. जीवनसत्त्व डी बहुतेकांचं कमी निघालं. सगळ्यांत कमी माझं.

"मशीन बिघडलंय, बाई. मला काय झालंय? मी क्रिकेट खेळतो!"

"कधी रे?"

"कॉलेजात असताना."

त्यांनी नमुना पुन्हा लावला. आकडा तोच. "काही दुखत नाही म्हणून तुला कळत नाही. सकाळी आत शिरता, दिवेलागणीला बाहेर पडता. ऊन लागणार कधी?"

लॅबच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. बाईंचं तेवढ्यावर भागेना. रोज अकराला पोरांना अर्धा तास गच्चीवर सोडा, म्हणून त्या डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या.

"आणि काउंटर?"

"मी आहे ना."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बाह्या दुमडून गच्चीवर आणि खाली रांगेसमोर बाई एकट्या. मी रेंगाळलो की ओरडत, "जा रे वर! रक्त काय पळून जातंय?" असं पाच-सहा वर्षं चाललं. आमचे आकडे सुधारले.

मग एकदा साध्या पायरीवरून त्या घसरल्या आणि मनगट मोडलं. हाडं ठिसूळ झाली होती. त्यांचं रक्त तपासायला आमच्याकडेच आलं. रिपोर्ट मी काढला आणि घेऊन त्यांच्या घरी गेलो.

बाई ओटीवर बसल्या होत्या, प्लास्टरमधला हात मांडीवर. चष्मा लावून त्यांनी डीचा आकडा वाचला नि हसल्या. "अरे, तुझ्यावर कडी केली की मी!"

"बाई, तुम्ही कधी वर का नाही आलात?"

"मग काउंटरवर कोण बसणार होतं?"

त्यात तक्रार नव्हती, त्या खरंच विचारत होत्या. आळीपाळीने काउंटरवर बसावं, हे इतक्या वर्षांत आमच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं. मी त्यांची खुर्ची उचलून अंगणात नेली.

बाई कामावर परतल्या नाहीत. पुण्याला लेकीकडे गेल्या आणि गेल्या वर्षी तिकडेच वारल्या. मला त्या आठवतात त्या दिवशीच्या अंगणातल्या: डोळे मिटलेले, मोकळा हात उन्हात पसरलेला, आणि कानशिलावरून ओघळणारा घाम पुसायचंही भान नसलेल्या.